उन्हातला थांबा

मित्रांनो, मी एक जुना खांब आहे. बसथांब्याचा. मला घडवले तेव्हा माझ्या डोक्यावर गोल पाटी बसवली आणि अंगाला पिवळाधमक रंग दिला. वाटले, आता माणसांची रीघ लागेल.

पण मला रोवले ते भर उन्हात. पंचवीस पावलांवर शिंप्याचे दुकान होते, त्याला ऐसपैस ओटा, वर पत्र्याची सावली. सगळे प्रवासी तिथेच बसायचे. चालकही मला ओलांडून ओट्यापाशी बस उभी करायचा. माझा उपयोग काय, तर शेळी बांधायला.

एकदा एक वहीवाला साहेब माझ्यापाशी येऊन उभा राहिला. सकाळभर घाम पुसत राहिला.

"कोणाची वाट बघताय?" शिंप्याने दुकानातूनच विचारले.

"प्रवाशांची."

"बघा, बघा," शिंपी म्हणाला आणि ओटा खदखदून हसला.

साहेबाला बसच्या कचेरीने थांब्यावरची माणसे मोजायला सांगितले होते. त्याने इमानाने लिहिले, शून्य.

महिन्याभरात बस बाहेरच्या नव्या रस्त्याने जाऊ लागली. तिथवर अर्ध्या तासाची पायपीट. शहरातून येणाऱ्या शिक्षिका उशिरा पोहोचू लागल्या, इथली भाजी शहरात पोहोचेपर्यंत सुकू लागली. सर्वांत जास्त हाल झाले शिंप्याच्या आत्याचे. किडनीच्या उपचारासाठी तिला आठवड्यातून दोनदा शहरातल्या दवाखान्यात जावे लागे. दोन खेपा चुकल्या आणि तिचे पाय सुजून टम्म झाले.

शिंपी तडक बसच्या कचेरीत गेला. परतल्यावर त्याने माझ्याशेजारी उभे राहूनच सगळ्यांना हकिगत सांगितली.

"म्हटलं, साहेब, आम्ही सगळे माझ्या ओट्यावर असतो. तर म्हणतात, ओट्याला बस कोणी दिली? आता एक आठवडा जुन्या रस्त्याने बस सोडणार आहेत, पुन्हा मोजायला. तेव्हा उद्यापासून ओटा बंद."

दुसऱ्या दिवशी माझ्यापासून रांग लागली. डोक्यावर पदर, रुमाल, वर्तमानपत्रे. कुरकुरत का होईना, पण कोणी हलले नाही. सर्वांत पुढे आत्या, मला घट्ट धरून.

"आत्या, तू तरी सावलीत बस. तुला कोण काय म्हणणार आहे?"

"मी बसले तर चव्वेचाळीसचे त्रेचाळीस होतील. गप उभा राहा."

तोच वहीवाला साहेब आला. रांग पाहून त्याने चष्मा पुसला.

"एवढी माणसं त्या दिवशी कुठे होती हो?"

"तुम्हाला बघत होती," आत्या म्हणाली.

साहेबही हसला. मग बोट दाखवत एकेक माणूस मोजू लागला. आठवडाभर त्याने कोणाला वगळले नाही आणि आमच्यापैकी कोणी चुकले नाही. बस कायमची परतली.

शिंप्याने उरलेल्या कापडांचे तुकडे जोडून एक मोठे छत शिवले आणि त्याचे एक टोक माझ्या मानेला बांधले. आता सावली माझ्यापाशी आली आहे. आत्या तिच्याखाली स्टुलावर बसते आणि बस दिसली की माझा आधार घेऊन उठते. मी थोडा कललो आहे, पण तिच्या वजनाला पक्का आहे.

मित्रांनो, तुमच्याही रस्त्यावर माझा एखादा भाऊबंद उभा असेल. त्याला नुसते रंगवू नका. बस येण्याआधी त्याच्याजवळ जाऊन उभे राहा. तो एकटा दिसला, तर मोजणारा शून्यच लिहील.