चहाची परीक्षा

पन्नास वर्षं स्वयंपाकघर सांभाळलेल्या बाईने चहा करून दाखवायचा म्हणे! लेकीला ही निव्वळ थट्टा वाटली. पण नियम म्हणजे नियम. आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, मोठ्या हॉस्पिटलने खाट रिकामी करून घेतली आणि तिला या शुश्रूषा केंद्रात आणलं. इथे पेशंटला चालतं-फिरतं करून घरी धाडायचे. एकट्या राहणाऱ्यांनी मात्र आधी केंद्राच्या स्वयंपाकघरात थेरपिस्टबाईंसमोर चहा करायचा. जमला तर घर, नाही तर वृद्धाश्रम.

"मला तिथे टाकू नकोस गं," आई रोज म्हणायची.

पहिल्या खेपेला तिने साखरेऐवजी मीठ घातलं. "ऑपरेशननंतर डोकं जरा गोंधळतं. पुन्हा बघू," थेरपिस्टबाई म्हणाल्या. लेकीची रजा संपत आली होती.

मग काय, लेकीने कंबर कसली! दुपारी स्वयंपाकघर रिकामं असलं की ती आईला गुपचूप तिथे न्यायची.

"डावा डबा साखर, उजवा पत्ती. भांडं ठेव, बटण फिरव."

आई पाढे म्हणावेत तसं म्हणायची. मध्येच उखडायची, "अगं कार्टे, चहा तुला मी शिकवलाय!"

"मग दाखव की करून!"

दोघी खुदखुदायच्या. आई पासही झाली. "काय सुधारल्यात हो आजी!" थेरपिस्टबाईंनी कौतुक केलं, तेव्हा लेकीने नजर चुकवली.

घरी आल्या आल्या आई म्हणाली, "तू बस. आजचा चहा माझा."

लेक बॅग उपसत होती. चहाचा पत्ता नव्हता. एकाएकी तिला गॅसचा वास आला आणि ती धावत सुटली. आई वॉकर धरून शांत उभी होती. पाणी भांड्यात, बटण पूर्ण फिरवलेलं, आणि लायटर खिळ्याला तसाच. केंद्रातली शेगडी विजेची होती, बटण फिरवलं की झालं. पेटवायचं लेकीने पढवलंच नव्हतं.

तिने बटण बंद केलं, खिडक्या सताड उघडल्या.

"इथली शेगडी मंद झालीय बाई," आई म्हणाली.

"आई, लायटर!"

आई लायटरकडे बघत राहिली. "तिथे नव्हता ना हा," ती पुटपुटली.

आपण हे काय करून बसलो! लेकीने केंद्राला फोन लावला. आईने तिचं मनगट घट्ट धरलं.

"त्या बाईंना सांगू नकोस. तू मला पढवलंस, ते मी सांगितलं का कुणाला?"

लेकीला रडू फुटलं. तिकडून थेरपिस्टबाई विचारत होत्या, "पोचलात ना नीट?"

"बाई, परीक्षा परत घ्या. आमच्या घरी, आमच्या शेगडीवर. मी आईकडून सगळं पाठ करून घेतलं होतं."

आईने तिचं मनगट सोडलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.