वास घेऊन सही

सकाळी गॅसवरचं दूध उतू जाऊन करपलं, शेगडी काळी झाली, आणि तिथून चार हातांवर नाकाडे खुर्चीत बसून निवांत बुटाच्या नाड्या बांधत होते. बायको आंघोळ अर्धी टाकून ओल्या केसांनी धावत आली.

"अहो, घरभर करपट वास सुटलाय! नाकाला झालंय काय तुमच्या?"

"फोनवर होतो," ते म्हणाले. फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावलेला होता. तो बायकोला दिसायच्या आत नाकाडेंनी खिशात घातला आणि कामावर निघाले.

नाकाडे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. गाडीतळावर निम्म्या लोकांना ते आडनावच वाटे, ही गोष्ट वेगळी. खाण्यापिण्याचा पातळ माल वाहणारा टँकर ते बावीस वर्षं चालवत होते. टाकी धुऊन झाली की वरचं झाकण उघडायचं, तोंडाशी नाक न्यायचं, आधीच्या मालाचा वास उरलेला नाही याची खात्री करायची आणि मगच दाखल्यावर सही करायची, हा या धंद्याचा नियम. इतरांना वास आहे की नाही एवढंच कळे. नाकाडे मात्र सांगत, "मागच्या खेपेला संत्र्याचा रस होता, आणि त्याच्या आधी व्हिनेगर." कागद काढून बघावेत, तर तसंच निघायचं.

तीन महिन्यांपूर्वीच्या तापात हे नाक गेलं. ताप उतरला, पण वास परत आला नाही. कांदा आणि साबण दोन्ही सारखेच. डॉक्टर म्हणाले, वाट बघा. नाकाडेंनी कुणालाच सांगितलं नाही. सांगितलं तर गाडीवरून उतरवतील ही एक भीती, आणि नाकाडेंना नाक नाही म्हणून लोक दात काढतील ही दुसरी. खरं बोलायचं तर दुसरीच मोठी होती. त्यांच्या स्वतःच्या टाकीत महिनोन्‌महिने साखरेचा पाकच जायचा, म्हणून झाकली मूठ सव्वा लाखाची राहिली होती.

त्या दिवशी धुलाईच्या शेडमध्ये लवंग्या रुमालानं नाक पुसत उभा होता. अंगानं ठेंगणा आणि तोंडाचा तिखट, म्हणून तो लवंग्या. मागे कुणाशी तरी हुज्जत घालून त्यानं एक लेखी ताकीद पदरात पाडून घेतली होती. दुसरी मिळाली असती तर गाडीची चावी जमा.

"काका, सर्दीनं माझं नाक पार चोंदलंय. काही कळेना बघा. माझी टाकी जरा तुम्ही बघता का?"

नाकाडे शिडीनं वर चढले. झाकणातून गरम वाफ तोंडावर आली. त्यांनी डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला, अगदी पूर्वीसारखा. काही नाही. खाली लवंग्या मान वर करून बघत होता.

"स्वच्छ," नाकाडे म्हणाले.

लवंग्यानं सही ठोकली आणि साय भरायला गाडी काढली. तो फाटकाबाहेर पडला, तेव्हा धुलाईवाला पाइप गुंडाळत म्हणाला, "बरं झालं तुम्ही बघितलंत. काल त्यात कांद्याचा रस होता. माझ्या तर हातालाही अजून कांद्याचाच वास येतोय. मी म्हटलं, टाकीला आहे का मलाच भास होतोय?"

नाकाडेंनी खिशातला फोन काढला, लवंग्याचा नंबर शोधला आणि फोन परत खिशात घातला.

पाकाची गाडी घेऊन ते निघाले, पण पुढचे तीन तास त्यांच्या जिवाला चैन नव्हती. खाद्यमालाच्या टाकीत आडव्या भिंती नसतात, कोपऱ्यात घाण अडकते म्हणून. त्यामुळे अर्धी भरलेली गाडी ब्रेक लावून थांबली तरी थांबत नाही. आतला माल मागे जातो, पुढे येतो आणि गाडीला ढकलतो. रोजचंच हे, पण आज प्रत्येक धक्क्याला ते आरशात मागे बघत होते. त्यांनी रेडिओ लावला, बंद केला. दोनदा गाडी बाजूला घेऊन सील तपासलं. तिसऱ्यांदा उतरले, ते कशासाठी हेच त्यांना आठवेना. फोन मात्र लागला नाही, कारण तो लावलाच नाही.

दोघांनाही माल आइस्क्रीमच्या कारखान्यातच द्यायचा होता. नाकाडे पोचले, तर रांगेत पुढे लवंग्याची गाडी उभी आणि तपासणीच्या बाई तिच्यावर चढलेल्या. बाईंनी पळीनं पेल्यात साय घेतली. हुंगली. परत हुंगली. थोडी जिभेवर घेतली आणि विचार करत उभ्या राहिल्या. नाकाडेंचे हात स्टिअरिंगला चिकटले होते.

"छान आहे. घ्या आत," बाई म्हणाल्या.

"असणारच! नाकाडेकाकांनी पास केलेली टाकी आहे!" लवंग्या खालून ओरडला. नाकाडे गाडीतून उतरले. सुटलो, असं त्यांना वाटलं आणि लगेच स्वतःची लाजही वाटली. दोनचार ड्रायव्हर जमले, कुणी पाठीवर थाप मारली. त्यातला एक मिशीवाला म्हणाला,

"काका, संध्याकाळी माझीही बघा. मासळीचं तेल होतं आत, आणि उद्या तान्ह्या पोरांच्या पावडरीसाठीचं दूध भरायचंय. तुम्ही हो म्हणालात की माझा घोर गेला."

"बघू की," हे शब्द सवयीनं ओठांवर आलेच होते. नाकाडेंनी ते गिळले.

"मला वास येत नाही," ते म्हणाले.

सगळे खो खो हसले.

"तीन महिने झाले. तापात गेला."

एकेकाचं हसू थांबलं. लवंग्या पुढे आला.

"मग सकाळी?"

"सकाळीही आला नाही."

"पण तुम्ही स्वच्छ म्हणालात."

"म्हणालो."

आता हा शिव्या घालणार, गळा धरणार, असं सगळ्यांना वाटलं. नाकाडेंना तर तेच हवं होतं. लवंग्यानं रुमालात नाक शिंकरलं, घडी घालून तो खिशात ठेवला.

"काका, मला वास येत नव्हता," तो म्हणाला, "म्हणून तर मी तुम्हाला विचारलं."

नाकाडेंनी गाडीतळाच्या मुकादमाला फोन लावला आणि ते रांगेपासून बाजूला, भिंतीकडे चालत गेले. मागून कुणी हाक मारली नाही.