कौलवहीतला कोरा रकाना

कॉलेजात डेटाबेस शिकवते म्हणून देवस्थानच्या चाळीस वर्षांच्या कौलवह्या कॉम्प्युटरवर चढवायचं काम माझ्याच गळ्यात पडलं. मला ते हातचा मळ वाटलं. तारीख, प्रश्न, उत्तर. देवाला लावलेली ओली पाकळी उजवीकडून पडली तर होकार, डावीकडून पडली तर नकार. म्हणजे उत्तराच्या कॉलमला 'हो-नाही' हा टाइप पुरे. वहीत काही रकाने कोरे होते, ते मी सरळ 'नाही'त ढकलले.

धोंडू गुरवाने यादी पाहिली आणि कपाळाला हात लावला.

"कोरो म्हणजे नाय न्हय गो. पाकळी पडाकच नाय. देव गप्प रवलो. मगे दुसऱ्या दिसा परत इचारूचा लागता."

म्हणजे 'हो'ही नाही आणि 'नाही'ही नाही? माझं डोकं चक्रावलं. तयार टाइपांत हे कशातच बसेना. शेवटी स्वतःचा टाइप बनवला, नाव ठेवलं 'कौल', आणि त्यात तीनच उत्तरं चालतील असं कॉम्प्युटरला बजावलं: उजवा, डावा, गप्प. सदतीस नोंदी 'नाही'तून उठून 'गप्प'मध्ये आल्या.

त्यातली एक माझ्या वडिलांच्या, भाईंच्या अक्षरात होती. 'भार्गवीचे तोंडवलीच्या निकेतशी जमवावे काय?'

सहा वर्षांपूर्वी भाईंनी मला सांगितलं होतं, देवाने डावा दिला. देवापुढे कोणाचं काय चालतं? मी निकेतला नकार कळवला. गेल्या वैशाखात त्याच्याच लग्नात मी पंगतीला भात वाढला.

वही भाईंसमोर उघडून ठेवली. "ह्यात डावो खंय आसा?"

भाईंनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला आणि ओळ वाचली.

"पाकळी पडाक नाय," ते म्हणाले. "तुझी आई तेवाच गेल्ली. परत इचारूक गेलंय तर उजवो पडात, माका एकट्याक टाकून तू जाशीत, ह्या भियान इचारलंयच नाय."

मला राग आला, कीवही आली, आणि त्यातलं खरं कुठलं तेच कळेना.

"माका माफ करशीत मां गो?"

हो म्हणावं? नाही म्हणावं? तोंडातून शब्दच फुटला नाही. भाईंनी थोडा वेळ वाट पाहिली आणि त्या कौलासारखाच माझ्या गप्प राहण्याचाही अर्थ 'नाही' असा लावून ते उठले.

ते दारापर्यंत गेले तेव्हा मी म्हटलं, "भाई, उद्या परत इचारा."