तुडूम उघडायचा हुकूम

इंग्रज गेला, मागोमाग मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, गेली, आणि आमचा तलाव कागदोपत्री सरकारचा झाला. तरी तलावाचं पाणी सोडायचं दार, म्हणजे तुडूम, उघडायच्या आधी कोतवाल बकाराम जुन्या मालगुजार घराण्यातल्या केशोरावांपुढे चपला काढून उभा राहतो. ते "सोड" म्हणतात, मग पाणी सुटतं.

यंदा धान पोटरीत आला, पाऊस पळाला, आणि लकव्यानं केशोरावांची वाचा गेली. बकाराम रोज जायचा, उभा राहायचा, परत यायचा.

भूमेश्वरीची बांधी, धानाचं शेत, तलावापासून सगळ्यात लांब. "बकाराम कका, माहा धान मरून राहिला. काऊन नाही उघडत?"

"हुकूम नाही ना, बाई."

"मालगुजारी जाऊन सत्तर वर्षं झाली!"

"मले तसा कागद नाही आला."

ती बसनं अर्जुनीच्या कचेरीत गेली. बाबू म्हणाला, पाणीवाटप समितीच्या अध्यक्षाची सही आणा. अध्यक्ष केशोरावच. तीनदा बिनविरोध. हात वर करणाऱ्यांत भूमेश्वरीही होती. सचिव मी, तिचं नाव रजिस्टरात मीच लिहिलंय.

मग ती सब्बल, लोखंडी पहार, घेऊन थेट तलावाच्या बांधावर, पाळीवर चढली. तिथं तिला अडवायला बाराजण उभे. त्यांचाही धान वाळत होता.

"आज तू उघडशील, उद्या कोणीबी उघडंल," पुरनलाल म्हणाला. त्याची बांधी तलावाला लागून. "मंग वरचे अडवतील. तुह्याकडे थेंब तरी येईल का?"

हिशेब चोख होता. तिनं सब्बल खाली ठेवली.

त्यानंतर नवव्या दिवशी केशोराव गेले. तेरवी होईपर्यंत सभा घेणं शोभत नाही, म्हणून घेतली नाही. तेरवी आटोपल्यावर घेतली. नातू चंद्रकुमार, रायपूरला टाइल्सचं दुकान. आल्या आल्या त्यानं मला विचारलं, "तालाब किधर पड़ता है?"

अध्यक्ष म्हणून त्याच्या नावाला एकोणचाळीस हात वर झाले. भूमेश्वरीचा खाली. तिचा धान तोवर वाळून तणीस झाला होता.

"भूमेश्वरी," पुरनलाल हळूच म्हणाला, "पुढच्या साली पाणी पाहिजे ना तुले?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी रजिस्टरकडे पाहिलं. हात वर गेला. मी लिहिलं, 'चाळीस, बिनविरोध.'

बकारामनं चपला काढल्या. चंद्रकुमार आधी गोंधळला, मग कोणीतरी कानात सांगितलं. "हाँ हाँ, छोड़ दो."

संध्याकाळपर्यंत पाणी शेवटच्या बांधीपर्यंत नीट, नियमानं पोचलं. भूमेश्वरीच्या वाळल्या धानात गुरं सोडलेली होती. ते पाणी गुरं प्यायली.