डॉक्टर काय म्हणाले

साठी जवळ आली असताना शिवणकाकूंनी इंग्रजीचा क्लास लावला आणि गल्लीतल्या बायकांना हसायला विषय मिळाला. "काकू, आता मापंही इंग्रजीत घेणार वाटतं?" काकू सुईत दोरा ओवत म्हणायच्या, "घेईन की. कंबर काही त्यानं कमी भरायची नाही."

खरं कारण होतं नात. मुलगा परदेशात गेला, तिकडचाच झाला. त्याची लेक फोनवर भराभर काहीतरी सांगायची आणि काकू नुसतं "यस, यस" करायच्या. एकदा ती रडत बोलत होती, तरी काकूंचं आपलं "यस, यस". मागून मुलानं सांगितलं, तिचं मांजर मेलं होतं. दुसऱ्याच दिवशी काकू वाचनालयाच्या माडीवर जाऊन क्लासला नाव घालून आल्या.

नवरा म्हणाला, "बरं झालं. आता मला इंग्रजीत बोल लावत जा. कळायचं नाही, म्हणजे लागायचंही नाही." जन्मभर बस चालवलेला माणूस. निवृत्त झाला तेव्हापासून छातीत घरघर होती, पण जिभेला आराम नव्हता.

एका संध्याकाळी मॅडमनी फळ्यावर पैशांचे वाक्प्रचार लिहिले. एखादी वस्तू फार महाग पडली की इंग्रजीत म्हणे एक हात आणि एक पाय द्यावा लागतो. "आणि मग ती वस्तू उचलायची कशानं?" काकूंनी विचारलं. सगळा वर्ग हसला. पैसे झाडाला लागत नाहीत, हे तिकडेही म्हणतात हे कळल्यावर तर त्यांना माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. शेवटचं वाक्य होतं, 'थ्रोइंग गुड मनी आफ्टर बॅड'. जे बुडालंच आहे त्याच्यापायी आणखी पैसा घालायचा. मॅडम म्हणाल्या, "कुणी उदाहरण देईल?"

काकूंनी हात वर केला. "माझ्या जुन्या मशीनची मोटर. तीनदा दुरुस्त केली. शेवटी कारागीरच म्हणाला, बाई, आता हिच्यावर पैसे घालू नका. भंगारात दिली."

"व्हेरी गुड!" मॅडम म्हणाल्या. घरी येऊन काकूंनी नवऱ्याला ते 'व्हेरी गुड' दोनदा ऐकवलं.

पुढच्याच महिन्यात नवऱ्याचा श्वास पुरेना. हॉस्पिटलात नेलं, तोंडावर मास्क चढला. मुलगा मिळेल ते विमान पकडून आला आणि आल्यापासून बिलाच्या खिडकीशी तोच उभा राहू लागला. अंगावरचा शर्ट तीन दिवस बदलला नव्हता.

चौथ्या दिवशी सकाळी डॉक्टर आले. नवऱ्याला ग्लानी होती. खाटेच्या एका बाजूला डॉक्टर, दुसऱ्या बाजूला मुलगा, पायथ्याशी काकू चादरीची घडी घालत होत्या. दोघं इंग्रजीत बोलत होते. बोलणं भराभर चाललं होतं. काकूंच्या हाती 'लंग्ज', 'मशीन' असे सुटे शब्दच लागत होते. मग मुलानं कपाळ चोळलं आणि अगदी सावकाश विचारलं, "आर वी जस्ट थ्रोइंग गुड मनी आफ्टर बॅड?"

डॉक्टरांनी हातातली फाईल मिटली. "यस," म्हणाले. "आय ॲम सॉरी."

काकूंच्या हातातली घडी विस्कटली. त्यांनी ती पुन्हा घातली. डोळ्यांपुढे ती मोटर आली, भंगारवाल्याच्या गाडीवर पडलेली, आणि 'व्हेरी गुड' म्हणून मान डोलावणाऱ्या मॅडम. आपल्याच जिभेला आग लागो, असं त्यांना वाटलं.

डॉक्टर गेल्यावर मुलगा जवळ आला. "आई, डॉक्टर म्हणतात, बाबांना घरीच जास्त आराम पडेल." तो त्यांच्या खांद्याकडे बघत होता.

मला सगळं कळलं, असं म्हणणं त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण म्हटलं असतं तर त्याला तेच वाक्य मराठीत बोलावं लागलं असतं. ते त्याला बोलवलं नसतं आणि त्यांना ऐकवलं नसतं.

"मग घरीच नेऊ," त्या म्हणाल्या.

घरी खिडकीशी खाट टाकली, शेजारी ऑक्सिजनचा सिलिंडर. नवऱ्यानं डोळे उघडले. "काय गं, डॉक्टर काय म्हणाले?"

"घरी आराम पडेल म्हणाले."

"बघ!" तो धापा टाकत म्हणाला. "पोरगा आला आणि सुटका केली माझी. पोटचं ते पोटचंच." मुलगा दारात उभा होता. तो तसाच मागे वळला आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाचच नळ सोडून उभा राहिला.

त्यानंतर नवरा आठवडाभर होता. रस्त्यावरून बस गेली की डोळे मिटूनच पुटपुटायचा, "दुसऱ्या गिअरवर घे, चढ आहे... दुसऱ्यावर घे." एका दुपारी बस गेली आणि तो काही बोलला नाही. काकू बाजूलाच कुणाच्या तरी पडद्याला अस्तर लावत होत्या. त्यांनी हात लावून पाहिलं, मग मुलाला हाक मारली.

सगळं उरकलं. निघायच्या दिवशी मुलानं बॅग भरली, पुन्हा उघडली, पुन्हा भरली. शेवटी खाली बसला. "आई, मी बाबांसाठी काही कमी केलं का गं?"

"नाही रे," काकू म्हणाल्या. "हात आखडता घेतला नाहीस तू."

त्यानं चमकून वर पाहिलं. "त्या दिवशी हॉस्पिटलात... तुला कळलं होतं?"

"काय?"

त्यानं बॅगेची चेन ओढून लावली. "काही नाही," म्हणाला आणि त्यांच्या मांडीवर डोकं टेकून रडला. काकू त्याच्या केसांतून हात फिरवत राहिल्या. राग आहे की नाही, हे त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं. पण हात थांबला नाही.

टॅक्सी वळेपर्यंत त्या फाटकाशी उभ्या होत्या. तेवढ्यात सिलिंडर परत न्यायला माणूस आला. काकूंनी त्याला पाणी दिलं, आणि सिलिंडर ओढताना पाय अडकू नये म्हणून दारातलं पायपुसणं उचलून बाजूला ठेवलं.