माग थांबला तेव्हा

शहापूरच्या विणकरांच्या गल्लीत मुलींची शाळा भरायची ती एका बैठ्या घरात. भिंतीला भिंत लागून आण्णाप्पाचा माग. दिवसभर त्याचं खट् धप्, खट् धप् चालायचं. त्या आवाजावर मुली डोळे उघडत, त्याच आवाजावर जेवत आणि त्याच आवाजावर पाढे म्हणत.

संस्थानच्या शाळाखात्याचे तपासनीस दत्तोपंत त्या दिवशी वार्षिक परीक्षेला आले, ते मनात काटा घेऊनच. गेल्या साली एका खेड्यातल्या मास्तरानं पोरांना पढवून ठेवलं होतं, की उत्तर येत असेल त्यानं उजवा हात वर करायचा, येत नसेल त्यानं डावा. सगळे हात वर. दत्तोपंतांनी खूश होऊन शेरा दिला, आणि बातमी फुटल्यावर कचेरीतले कारकून त्यांना डाव्या हातानं नमस्कार करू लागले. तेव्हापासून त्यांना हसरं पोर दिसलं, की आत काहीतरी शिजतंय असं वाटे.

"साहेब, एक सांगते," जयाबाई मास्तरीण पदर सावरत म्हणाल्या. "यंदा निकाल कमी पडला तर ही शाळा बंद करायचा हुकूम आहे. मग या पोरी घरी बसून मागासाठी सुताच्या कांड्या भरतील. जरा सांभाळून विचारा."

सांभाळून म्हणजे काय? दत्तोपंतांनी बाईंकडे निरखून पाहिलं. बाईंचा चेहरा साधा होता. पण त्या मास्तराचाही साधाच होता.

तोंडी हिशोब सुरू झाले.

"सात लुगडी. एकेक नऊ वारांचं. एकूण वार?"

"त्रेसष्ट!"

"एकशे चव्वेचाळीस दोरे, बारा जणींत वाटले?"

"बारा बारा!"

उत्तरं धबाधब पडत होती. एक पोर चुकेना, एक अडखळेना. आणि मग त्यांनी पाहिलं. पोरींच्या माना हलत होत्या, एका तालात. गुडघ्यावर बोटं पडत होती, एका तालात. आणि उत्तर निघत होतं ते बरोबर पलीकडच्या 'धप्' वर.

अस्सं! भिंतीपलीकडून कुणीतरी खूण करतंय.

"तो माग कुणाचा?"

"आण्णाप्पांचा. का हो?"

"बंद करायला सांगा."

जयाबाई गोंधळल्या. "साहेब, पोरींना त्याची सवय आहे. मीच त्या ठेक्यावर पाढे बसवलेत. नऊ एके नऊ, लुगडं नेसली माझी जाऊ. नऊ दुणे अठरा, काठ पडला अपुरा..."

"सवय की सोय, ते मी बघतो. गुंडू!" शिपाई दारातच उभा होता. "जा, माग बंद कर म्हणावं. कारण सांगू नकोस, म्हणजे सावध व्हायला वेळ मिळणार नाही."

गुंडू गेला. खट् झालं, धप् झालंच नाही. दोन घरं सोडून दुसरा माग थांबला. मग समोरचा. मग खालच्या आळीतला. दिव्यावर फुंकर घालत कुणी घरोघर जावं तशी ती शांतता गल्लीभर पसरत गेली.

एकच माग नव्हे, सगळेच सामील! दत्तोपंत पोरींकडे वळले.

"हं, सांगा. सहा लुगडी, किती वार?"

मघाशी बुलबुलासारख्या बोलणाऱ्या पोरी दगडागत बसल्या होत्या. एकीची नजर दाराकडे, दुसरीची खिडकीकडे.

"बघा बाई," दत्तोपंत हळूच म्हणाले. "आवाज गेला, उत्तर गेलं."

एवढ्यात मालू नावाची पोर उठली आणि "आई गं!" म्हणून ओरडत दाराबाहेर पळत सुटली.

"धरा तिला! कुणाला सांगायला चालली?"

पण धरणार कोण? बाहेरून बायकाच येत होत्या. पदर डोक्यावर, चेहरे उतरलेले. एक म्हातारी उंबऱ्याशी थबकली.

"कोण गेलं गं, जयाक्का?"

"कुणी न्हाय गेलं, मावशी!" जयाबाईंच्या तोंडून घरची बोली निसटली. मग त्या दत्तोपंतांकडे वळल्या. डोळे खाली नव्हते. "आमच्यात भर दिवसा माग थांबवून माणूस दारात उभा राहिला, की गल्लीत कुणी गेलं असं समजतात, साहेब. मग सगळे आपापला माग थांबवतात. त्या मालूच्या आईचे दिवस भरलेत. पोरगीला काय वाटलं असेल?"

दत्तोपंतांना वाईट वाटलं, पण काटा निघाला नव्हता. माणसं रडायचंही सोंग करतात.

ते तडक पलीकडे गेले. आण्णाप्पा दारात हात जोडून उभा होता.

"काय चुकलं आमचं, सायेब?"

"बस मागावर. चालव. मी इथंच बसणार."

आण्णाप्पा मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसला. दत्तोपंत शेजारी मांडी घालून बसले. नजर इकडून तिकडे पळणाऱ्या धोट्यावर, हातांवर, पायांखालच्या पावड्यांवर. आण्णाप्पाला घाम फुटला.

"माझ्या पायांत काय बघतासा? त्याला भेगाच हाईत."

"तू पोरींना उत्तरं सांगतोस?"

"मी?" आण्णाप्पा हसला तसा धोटा वाकडा गेला. "मला हिशोब आला असता, तर यापारी दर खेपेला मला गंडवला असता व्हय? मलाच येत न्हाय, मी कुणाला सांगू!"

एकेक माग पुन्हा बोलू लागला. मालू धापा टाकत परतली. आई बरी होती, चुलीपुढं बसली होती. दत्तोपंतांनी आण्णाप्पावरची नजर न काढता गल्लीकडच्या खिडकीतून, शाळेत ऐकू जातील असे सवाल टाकायला सुरुवात केली. उत्तरं येऊ लागली. आधी दबकत, मग मोकळी. आण्णाप्पाचा हात एका लयीत चालला होता. लवकर नाही, उशिरा नाही.

तरीही मन मानेना. इतकं बरोबर? सगळ्यांचं?

"मालू! बारा लुगडी, किती वार?"

खट् धप्. खट् धप्.

"नव्याण्णव!"

शाळेत एकदम कुजबुज झाली. "एकशे आठ गं, येडे!" कुणीतरी पुटपुटलं. मालूचा हुंदका खिडकीतून इकडे ऐकू आला.

आण्णाप्पानं कौतुकानं मान हलवली. "बघितलासा? पोरगीनं कसं झटक्यात सांगितलं! लई हुशार, न्हवं?"

दत्तोपंतांनी त्याच्याकडे पाहिलं. मग त्यांना हसू फुटलं आणि ते आवरेना. आण्णाप्पाही का ते न कळता हसू लागला.

ते शाळेत परतले तेव्हा जयाबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. मालू त्यांच्या पदरात तोंड खुपसून रडत होती.

"बाकी सगळ्या पास," दत्तोपंत म्हणाले. "हिचा नवाचा पाढा अकरावरच अडकतो. पुढच्या वर्षी तो मी पहिल्यांदा विचारणार."

"पुढच्या वर्षी?" जयाबाईंनी शब्द धरला. "म्हणजे शाळा असेल?"

"नसली तर काय, हिला तपासायला मी हिच्या चुलीपाशी येऊ?"