नेलपॉलिशची रेघ

तेल कमी झालंय हे कळलं तो मंगळवार होता. सकाळी दहाच्या सुमाराला दातांच्या डॉक्टरांनी आपली लाल गाडी गॅरेजच्या दारात आणून उभी केली. दोन माणसांची, टर्बो इंजिनाची, गतिरोधकावर पोट घासेल इतकी बुटकी गाडी.

"मिस्त्री, पिकअप गेला हो हिचा," डॉक्टर उतरता उतरताच म्हणाले. "चढावर पाय दाबून धरतो, तर नुसती कण्हते. काल मला दुधाच्या टेम्पोनं मागे टाकलं. वर हात करून गेला मेला."

"टेम्पो भरलेला होता का रिकामा?"

"त्यानं काय फरक पडतो?"

"भरलेला असेल तर दुखणं मोठं आहे."

डॉक्टर हसले. मिस्त्रीही थोडे हसले. बायको जाऊन साडेचार महिने झाले होते आणि गिऱ्हाइकाशी अशी थट्टा त्यांना अलीकडेच पुन्हा जमू लागली होती. आज त्यांचा जीव तसाही जरा हलका होता. सकाळी मुलीचा फोन येऊन गेला होता. नवी नोकरी लागलेल्या गावी ती आज नातीला घेऊन एकटीच गाडीनं निघणार होती. डोंगर ओलांडून चार तासांचा रस्ता. मिस्त्रींनी जपून जा म्हटलं तेव्हा ती म्हणाली होती, "शनिवारी तुम्ही स्वतः गाडी बघितलीत ना बाबा? मग मला कसली भीती?"

मिस्त्रींनी आधी हवेचा फिल्टर काढला. स्वच्छ होता. टर्बोचे पाइप हातानं दाबून पाहिले, कुठे चीर नव्हती. मग स्कॅनर लावला. तेलाचा दाब कमी पडतोय म्हणून गाडीनं आपणहून ताकद तोडली होती.

"म्हणजे शहाणी आहे," डॉक्टर म्हणाले.

"तुमच्यापेक्षा आहे. तेलाचा दिवा लागला नाही का कधी?"

"वळणावर लुकलुकायचा. लगेच जायचा हो."

"दाढ ठणकून थांबली तर पेशंटला काय सांगता? घरी बसा म्हणून?"

मिस्त्रींनी तेल मोजायची पट्टी ओढली, पुसली, परत घालून काढली. नुसतं टोक ओलं होतं. दोन लिटर तरी तेल गेलं होतं. आणि सर्व्हिस होऊन जेमतेम पंधरा दिवस झाले होते. ती त्यांनीच केली होती.

गेलं कुठे? इंजिन तेल जाळत असेल तर मागून निळा धूर यायला हवा. एक्झॉस्टच्या तोंडात बोट घालून पाहिलं, कोरडी काजळी. तेल रेडिएटरच्या पाण्यात उतरत असेल तर पाणी गढूळ व्हायला हवं. पाणी नितळ होतं.

"घरी गाडी उभी करता तिथे डाग पडतात?"

"पांढरी फरशी आहे. डाग पडला असता तर बायकोनं मलाच घराबाहेर उभा केला असता."

मिस्त्रींनी गाडी लिफ्टवर चढवली. अशा गाड्यांना खालून एक सपाट झाकण असतं, वारा कापायला. चौदा स्क्रू काढून ते खाली घेतलं तर हाताला चांगलंच जड लागलं. आतला जाड नमदा स्पंजासारखा तेलानं फुगला होता. पंधरा दिवस गाडी आपलं तेल आपल्याच पोटाखाली साठवत होती आणि बाहेर थेंब येत नव्हता.

"डॉक्टर, जरा बॅटरी धरा. वर. अजून वर."

डॉक्टरांना उजेड धरायची सवय होती. नेमका चेंबरच्या बोल्टवर पडला. जुनं तेल काढायचा हाच बोल्ट. त्याच्या कडेनं काळं ओलं कडं धरलं होतं, आणि बोल्टवरून चेंबरवर गेलेली एक बारीक लाल रेघ चकाकत होती.

"ही रेघ कसली?"

"नेलपॉलिशची. बोल्ट तपासून बायको ओढायची," मिस्त्री म्हणाले. वीस वर्षं त्यांच्या गॅरेजची हीच रीत होती. ते बोल्ट बसवून टॉर्कच्या पान्यानं आवळायचे, बोल्ट पुरेसा आवळून पाना टक् वाजला की हाक मारायचे. बायको हातातलं काम टाकून यायची, दुसरा पाना लावून स्वतः एक हिसका द्यायची आणि मगच रेघ ओढायची. एवढ्या वर्षांत तिच्या हिसक्यात तीन बोल्ट सैल सापडले होते. तिन्ही वेळा तिनं आठवडाभर ऐकवलं होतं. ती गेल्यावर रेघ तेच ओढत होते. बाटली तिचीच होती.

त्यांनी पाना घेतला नाही. नुसती दोन बोटं लावली. बोल्ट फिरला.

अर्धा आटा आत गेला आणि मग कुठे अडला. रेघ दोन तुकडे होऊन बाजूला झाली.

"सैल झाला होता तर," डॉक्टर म्हणाले.

"झाला नव्हता." मिस्त्री म्हणाले. "झाला असता तर रेघ आधीच तुटलेली दिसली असती. रेघ अख्खी होती. म्हणजे मी ओढली तेव्हापासून बोल्ट हललेला नाही. सैलच होता तो."

"आवळायचा राहिला?"

"हातानं बसवला. बाटली हाताशी होती म्हणून आधी रेघच ओढली, मग पाना आणायला उठलो असेन. कुणीतरी हाक मारली असेल, फोन वाजला असेल. परत आलो तर रेघ दिसली." ते थांबले. "रेघ दिसली की तिनं हिसका देऊन पाहिलंय, असंच मला वाटतं. वीस वर्षं तसंच होतं."

डॉक्टरांनी बॅटरी खाली घेतली. मग साध्या आवाजात विचारलं, "मिस्त्री, वहिनी गेल्यापासून अशा किती गाड्या झाल्या?"

मिस्त्रींनी मोजायला सुरुवातही केली नाही. पहिली त्यांना मुलीचीच गाडी आठवली. शनिवारची. गाडीखाली पाठीवर पडून ओढलेली रेघ त्यांना स्पष्ट दिसत होती, ओली, जरा वाकडी आलेली. तेवढ्यात नातीनं वरून डोकं खाली घालून "आजोबा, सापडलात!" म्हटलं होतं. ते सगळं आठवत होतं. पान्याचा टक् आठवत नव्हता. त्यांनी डोळे मिटून पुन्हा आठवून पाहिलं. रेघ आठवली, नात आठवली, आवाज नाही.

घड्याळात साडेबारा झाले होते.

मुलीचा फोन वाजत राहिला. दुसऱ्यांदाही वाजून वाजून बंद पडला. मग त्यांनी जावयाला लावला.

"निघाली का ती?"

"अकरालाच गेली बाबा. पिल्लू गाडीत झोपेल म्हणून लवकर काढली. का हो?"

"फोन उचलत नाहीये."

"नाहीच उचलणार. मागच्या सीटवर पर्समध्ये टाकलाय. तुमचीच शिकवण, चाक हातात असताना फोन नाही."

"गाडी उभी असते तिथे जाऊन बघा जरा. जमिनीकडे. मी थांबतो."

जावई जिना उतरत असल्याचं ऐकू आलं. मग दार. मग काहीच नाही.

"डाग आहे एक. तळहाताएवढा. पण बाबा, तो शेजाऱ्यांच्या स्कूटरचाही असेल."

"बोट लावा."

"ओला आहे."

मिस्त्रींनी एका हातानं लिफ्टचा खांब धरला. दीड तास म्हणजे ती डोंगराच्या पायथ्याशी पोचली असणार. पुढे चढ, वळणं, आणि गाडी लावायला कुठे जागा नाही. तिच्या गाडीला ताकद तोडणारा शहाणपणा नव्हता. ती शेवटपर्यंत ओढत राहणार आणि मग इंजिन एकदम जाम होणार.

"मोटरसायकल काढा," ते म्हणाले. "तिच्या मागे जा. दिसली की थांबवा, इंजिन बंद करा, पुन्हा चालू करू देऊ नका. आणि स्वतः सांभाळून."

जावयानं किल्ली उचलल्याचा आवाज आला. फोन बंद झाला.

डॉक्टर हात पुसत उभे होते. "माझी घेऊन जाऊया? तेल भरा आणि चला."

"हिनं कमी तेलावर चढ चढलेत. आत काय खरवडलंय ते उघडल्याशिवाय मी तुम्हाला हिच्यात बसू देणार नाही." मिस्त्रींनी खुंटीवरची कामाच्या चिठ्ठ्यांची तार काढून डॉक्टरांच्या हातात दिली. "एवढं कराल? साडेचार महिन्यांतल्या सगळ्या. नंबर वरच लिहिलेत. गाडी चालू करू नका, एवढंच सांगा. चूक मिस्त्रींची आहे म्हणावं."

डॉक्टर उलट्या बादलीवर बसले आणि पेशंटशी बोलावं तसं शांतपणे एकेकाला सांगू लागले. कुणी शिव्या घातल्या, कुणी आभार मानले. एका बाईनं खाली वाकून बघते म्हटलं आणि फोन तसाच चालू ठेवून गेली. परत येऊन म्हणाली, जमीन कोरडी आहे.

मिस्त्री दारात उभे राहून मुलीचा नंबर लावत राहिले. दोनपर्यंत वाजत होता. त्यानंतर लागेनासा झाला. डोंगरात रेंज जाते, हे त्यांना माहीत होतं. जावयाचाही लागत नव्हता. तीनला ती पोचायला हवी होती; फोन आला नाही.

चार वाजेपर्यंत एकोणीस जणांना निरोप पोचला. मुलीला सांगायचं राहिलं होतं.